'एक्स्पोजर'ला मराठीत काय म्हणाल?

पार्कातली: बाबांनी पंचाहत्तरीत नवा डिजिटल कॅमेरा घेतलाय. शिवडीचे फ्लेमिंगो टिपायचे म्हणतात. माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि अक्षर बारीक, म्हणून कामाची पानं मी मराठीत लिहून देतेय. लेन्स, झूम, फोकस तसेच ठेवले. घोडं अडलंय 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन'वर, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायचा त्यावर. हिंदीत 'उद्भासन' आहे म्हणे. ते ऐकून बाबांनी विचारलं, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

जुना गिरगावकर: 'उघडीप' घ्या की! पडदा उघडतो, उजेड आत येतो. अस्सल मराठी शब्द, फुकट पडून आहे.

ठाणे लोकल: काका, उघडीप म्हणजे पाऊस थांबून आभाळ मोकळं होणं. 'उघडीप वाढवा' असं वाचलं तर बाबा छत्री घरी ठेवून निघतील. लोक एक्स्पोजर म्हणतात, तेच लिहा.

जुना गिरगावकर: लोक म्हणतात म्हणून सगळंच चालवायचं का? 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांनी दिलेले शब्द. आज कुणाला खटकतात?

बोराबाजार: आमची हयात कॅमेरे दुरुस्त करण्यात गेली. गाळ्यावर दोनच शब्द चालायचे, 'ओव्हर' आणि 'अंडर'. गिऱ्हाईक म्हणायचं, फोटो जळाला नाहीतर काळा पडला. ताई, बाबांना शब्दापेक्षा हे सांगा: कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. शिवडीला ओला चिखल उन्हात चकाकतो, मीटर फसतो आणि पक्षी काळपट येतात. आधी अधिककडे एक घर सरकायचं, मग खटका अर्धा दाबायचा, फोकसचा चौकोन हिरवा झाला की पुरता दाबायचा. एक घर म्हणजे उजेड दुप्पट. पण घर कोणतं ते बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत मधे तिसऱ्या हिश्शाच्या बारीक पायऱ्या असतात.

पार्कातली: हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. पण वर मथळा काय देऊ? 'उजेड कमी-जास्त करणे'?

मावळतीची सर: 'खटका' वाचून बरं वाटलं. आमच्याकडे दिव्याच्या बटणालाही खटकाच म्हणत. हल्ली मुलं 'फोटो खेच' म्हणतात, ते मात्र कानाला बोचतं. फोटो काय दोरीने खेचायचा असतो?

ठाणे लोकल: आणि 'काढणे' फार सरळ आहे का? चित्र काढतात, दात काढतात, वरातही काढतात. सासूबाई म्हणाल्या, "गणपतीच्या आधी तेवढा फोटो काढा." मी मोबाइल सरसावला. त्यांना भिंतीवरची तसबीर उतरवून हवी होती.

मावळतीची सर: तो दोष शब्दाचा नाही, जावयाचा आहे.

वकीलसाहेब: मुळात 'कॅमेरा' म्हणजे खोली. लॅटिन. हिंदीतला 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला, मूळ तेच. म्हणून इन कॅमेरा सुनावणी म्हणजे बंद दाराआडची. आपली वर्तमानपत्रं मात्र 'इन कॅमेरा शवविच्छेदन' छापतात आणि त्यांना म्हणायचं असतं, चित्रीकरण केलं. अर्थ थेट उलटा!

ठाणे लोकल: वाचणाऱ्याला कळलं ना? मग उलटा कसा? मराठीत त्याचा तोच अर्थ रुळलाय.

वकीलसाहेब: रुळलाय म्हणून कोर्टात चालेल का? अशिलाला वाटतं, आपली सुनावणी टीव्हीवर दिसणार. नवे कपडे घालून येतात बिचारे.

जुना गिरगावकर: म्हणून म्हणतो, 'बंद दालनात' लिहा.

ठाणे लोकल: काका, 'दालन' फारसी आहे.

जुना गिरगावकर: मग 'खोलीत' लिहा!

मावळतीची सर: वसई तर दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होती. तिकडच्या जुन्या बोलीत खोलीला 'कमरा'सारखं काही म्हणत का? कुणी वसईकर आहे का इथे?