विभागाच्या सूचीतील वैयक्तिक मोबाइल क्रमांक

प्रश्न: मी पुण्यातील एका विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक असून, संकेतस्थळावरील सूचीत माझा वैयक्तिक मोबाइल क्रमांक आणि घरचा पत्ता दिसतो आहे, तो काढण्याचा आग्रह मला धरता येईल का?

उत्तर १: नाव व पदनाम राहणारच, कारण माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाला अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करावी लागते. घरचा पत्ता मात्र त्यात कशाला हवा? विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा, पर्याय म्हणून कार्यालयीन ईमेल कळवावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी विनंती हवेत विरते.

उत्तर २: जुनी पीडीएफ यादीही काढायला सांगावी, अन्यथा पान सुधारूनही गूगलवर तोच क्रमांक सापडत राहील.