कंट्रोल रूममधील ऑपरेटरचे परिस्थितीभान कसे मोजावे?

प्रश्न: नागपूरजवळच्या एका औष्णिक वीजकेंद्रात मी ऑपरेटरांच्या प्रशिक्षणाचे काम पाहतो. सिम्युलेटरवरील सरावानंतर "परिस्थिती किती समजली होती?" असे विचारून आम्ही दहापैकी गुण भरून घेतो, मात्र ज्याच्या हातून ड्रम लेव्हल (बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी) सुटून बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तोही स्वतःला आठ गुण देतो. याहून भरवशाची पद्धत कोणती?

उत्तर १: स्वतःच गुण देण्याच्या सार्टसारख्या पद्धतींत हीच अडचण आहे, कारण काय निसटले हे माणसाला ठाऊकच नसते. संशोधक मायका एन्ड्सली यांच्या सॅगॅट पद्धतीत सराव अवचित थांबवून, पडदे झाकून प्रश्न विचारतात आणि उत्तरे सिम्युलेटरच्या नोंदींशी ताडून पाहतात. काय दिसले, त्याचा अर्थ काय आणि पुढे काय होणार, अशा तीन पातळ्यांवर प्रश्न हवेत. लोड (विजेची मागणी) एकदम वाढला की दाब उतरतो आणि ड्रममधले पाणी फुगून लेव्हल वर गेल्यासारखी दिसते. आकडा अचूक सांगणारा ऑपरेटर ती थोड्याच वेळात खाली येणार हेही सांगतो का, खरी परीक्षा तिथे आहे.

उत्तर २: सहमत, पण चालू युनिटवर हे जमणार नाही. स्पॅम पद्धतीत पडदे तसेच ठेवून, आधी "तयार आहात का?" असे विचारून मग प्रश्न टाकतात व उत्तराला लागलेला वेळ मोजतात. आणखी एक गोष्ट: अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्राच्या १९७९ च्या अपघातात पॅनेलवरचा दिवा फक्त व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश गेल्याचे सांगत होता, व्हॉल्व्ह मात्र उघडाच राहिला होता, तेव्हा कमी गुणांचे खापर ऑपरेटरवर फोडण्याआधी पॅनेल तपासा.