पाईपला भोकं पडतात, अँपिअर कमी केले की रॉड चिकटतो

शेताच्या गेटचं काम घरीच काढलंय. 2 मिमी जाडीचा चौकोनी पाईप, 200 अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, रॉड 6013 (साध्या कामाचा नेहमीचा वेल्डिंग रॉड), 3.15 मिमीचा. 110 वर भोकं पडतात, 75 वर रॉड चिकटतो. त्यानंतर ट्रॉलीचा हुकही जोडायचाय. दोन्हीला हाच रॉड चालेल का?

उत्तर:
दादा, त्या पाईपला 3.15 जाडच. 2.5 मिमीचा आणा, 65-70 पासून सुरू करा. होल्डर (रॉड धरायचा चिमटा) निगेटिव्हला, अर्थिंग (पाईपला लावायची वायर) पॉझिटिव्हला लावा. असं केलं की पातळ मालात भोकं कमी पडतात. सलग ओढू नका, आधी चारही कोपऱ्यांना टाके मारून गुण्या लावून काटकोन बघा. अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर नको, तिथे घासून लोखंड उघडं करा. रॉड चिकटण्याचं अर्धं कारण तेच असतं.

दुसरं उत्तर:
हुकाला 6013 नको भाऊ. मागे माणसं बसतात, तडा गेला तर जीव जाईल. 7018 घ्या, हा जास्त मजबूत जोडाचा रॉड. यातले 70 म्हणजे दर चौरस इंचाला 70,000 पौंडांची ताकद. होल्डर पॉझिटिव्हला, 3.15 ला 110-130 अँपिअर, आर्क (रॉडचं टोक आणि लोखंड यांमधली ज्योत) अगदी आखूड. मात्र हा रॉड दमट चालत नाही. ओल्यातून हायड्रोजन शिरतो आणि जोड गार झाल्यावर आतून तडकतो. उघडं पाकीट 300 अंशांच्या आसपास भट्टीत तासभर तापवावं लागतं, उन्हात वाळवून भागत नाही. आणि पहिल्यांदाच करत असाल, तर हुक जाणत्या वेल्डरकडूनच जोडून घ्या.

प्रश्नकर्ता:
2.5 चा, 68 वर. एकही भोक नाही! हुक गावातल्या वेल्डरकडे देतोय.