सह्याद्री रुग्णालयं : सहा वर्षांत तीन मालक, हे बरं का?

कृष्णाकाठ :
पुण्यातल्या सह्याद्री रुग्णालयांची मालकी बघा. न्यूरोसर्जन डॉ. चारुदत्त आपटे यांनी उभा केलेला हा समूह. २०१९ मध्ये मोठा हिस्सा एव्हरस्टोन या गुंतवणूक संस्थेकडे गेला, २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ टीचर्स पेन्शन फंडाकडे, आणि २०२५ मध्ये मणिपाल ही रुग्णालयांची साखळी तो घेत असल्याचं जाहीर झालं. उपचार बिघडले असं माझं म्हणणं नाही. मी कराडचा, आमच्याकडे या समूहाचं रुग्णालय आहे आणि त्याची गरज मला ठाऊक आहे. पण गुंतवणूक संस्था येते तीच जायचा दिवस मनात धरून. एव्हरस्टोनसारख्या संस्था इतरांचे पैसे ज्या फंडात गोळा करतात त्याची मुदत साधारण १० वर्षांची, त्यामुळे घेतलेली कंपनी चार-सहा वर्षांत विकून पैसे परत करायचे असतात. करारात विकणाऱ्याची काळजी घेतलेली असते, घेणाऱ्याचीही. पेशंटची कुणीच घेत नाही. रुग्णालयांच्या विक्रीला वेगळे नियम हवेत.

जमाखर्च :
साफ असहमत. मुलं धंद्यात येणार नसतील तर मालकाने काय, कुलूप लावायचं? आमचा भोसरीतला सुट्या भागांचा कारखाना वडिलांनी एका फंडाला विकला, म्हणून जवळून पाहिलंय. आधी गोपनीयतेचा करार, मग टर्म शीट, म्हणजे मुख्य अटींचा कच्चा मसुदा. मग चार महिने ड्यू डिलिजन्स, म्हणजे कसून तपासणी : जुने हिशेब, जीएसटी, पीएफ, जमिनीचे कागद, कामगारांचे दावे. किंमत ठरली एबिटाच्या पटीत, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या. घरची गाडी, ड्रायव्हर असला खर्च कंपनीच्या नावावर होता. त्यांनी तो बाजूला काढला, नफा वाढला, किंमतही वाढली. १० टक्के रक्कम दीड वर्ष एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताकडच्या खात्यात, राहिली, जुनी करमागणी निघालीच तर त्यातून भरायला. आज तिथे पगार १ तारखेला होतात. आमच्या काळात होत नसत.

रानवारा :
जमाखर्च, तुमच्या घरात सगळे शेअर एका हातात होते. प्रत्येक घरात तसं नसतं. खाजगी कंपनीचे शेअर मनाला येईल त्याला विकता येत नाहीत, आर्टिकल्समध्येच, म्हणजे कंपनीच्या नियमावलीतच, बंधन असतं. त्यात 'ड्रॅग अलाँग' कलम असलं, तर मोठा भागधारक विकतो तेव्हा लहानालाही त्याच अटींवर विकावं लागतं. माझ्या आईचे ६ टक्के असेच गेले. भाव वाईट नव्हता. पण नाही म्हणायची सोयच नाही, हे तिला सही करताना कळलं.

जमाखर्च :
वाईट वाटलं वाचून. तरी मोठ्यांना मिळाला तोच भाव तिला मिळाला, हे त्या कलमामुळेच. दुसरं, फंडांनी कंपन्या बुडवल्याच्या अमेरिकेतल्या गोष्टी कुणी सांगेल, त्या इथे लावू नका. टॉईज आर अस ही तिथली खेळण्यांच्या दुकानांची साखळी गुंतवणूकदारांनी २००५ मध्ये कर्ज काढून घेतली, ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं आणि २०१७ मध्ये दिवाळखोरी आली. आपल्याकडे शेअर खरेदीला बँकांनी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने वर्षानुवर्षं कडक बंधनं ठेवली होती. आणि पेन्शन फंडाचा पैसा तर सबुरीचा.

कृष्णाकाठ :
कर्जाचा मुद्दा मान्य. पण सबुरीचा पैसाही तीन वर्षांत निघाला की! भोसरीच्या गिऱ्हाइकाला दुसरा पुरवठादार सापडतो. रात्री दोनला झटका आलेला माणूस हॉस्पिटल निवडत बसत नाही. स्पर्धा आयोग बाजारातली मक्तेदारी तपासतो, कराडचा आयसीयू पुढे चालेल का हे तो विचारत नाही. आहेत ते विभाग आणि खाटा पाच वर्षं बंद करणार नाही, एवढी लेखी अट खरेदी करारात घालायला काय हरकत आहे, ते सांगा.