सिगारेट सोडायची आहे: गम की पॅच?

प्रश्न: दिवसाला १५ सिगारेटी, पहिली उठल्यावर १० मिनिटांत. निकोटिनचा गम घ्यावा की पॅच? गमने घसा जळजळतो आणि उचक्या लागतात, असं का?

उत्तर: उचक्या लागतात त्या गम भराभर चघळल्यामुळे. निकोटिन लाळेसोबत पोटात जातं, तिथून उपयोग थोडा आणि त्रासच जास्त. हळू चावा, चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चुणचुण ओसरली की पुन्हा चावा. एक गम असा अर्धा तास चालतो. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत कॉफी, सरबत नको. आंबटपणामुळे निकोटिन शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागते, म्हणजे ४ मिलिग्रॅमचाच घ्या.

उत्तर: एकच का निवडता? दोन्ही एकत्र जास्त लागू पडतं. २१ मिलिग्रॅमचा पॅच दिवसभराची पातळी सांभाळतो, अचानक तलफ आली की २ मिलिग्रॅमचा गम, सोबत पॅच असल्यामुळे ४ चा नको. पॅच रोज नव्या जागी, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावा. विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढा. ६ आठवड्यांनी १४ मिलिग्रॅमचा पॅच, मग ७ चा, दोन-दोन आठवडे. लोक बरं वाटलं की तिसऱ्याच आठवड्यात पॅच बंद करतात, तिथेच घसरतात! हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.