मदत हवी आहे: रिओच्या पानात प्लाझ्मोलिसिस उशिरा दिसतंय, आणि युरियात तर उलटतंय

वर्षा_कोथरूड
बारावीच्या मुलांसाठी प्लाझ्मोलिसिसचं प्रात्यक्षिक बसवते आहे, म्हणजे दाट द्रावणात पेशीतलं पाणी बाहेर जाऊन तिचं पटल (आतलं पातळ आवरण) बाहेरच्या भित्तिकेपासून सुटून आत आकसणं. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल आणि साखरेची ०.१ ते ०.६ मोलर द्रावणं. मूळ १ मोलर असं केलंय: १०० मिली पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर. अपेक्षेपेक्षा दाट द्रावणातच पेशी आकसतात, तेही शेजारच्या दोन पेशींत एकसारखं नाही. काही पेशी रंगहीन दिसतात. आणि १ मोलर युरियात आधी आकसून थोड्या वेळाने पुन्हा भरतात. चुकतंय कुठे?

पेशीपटल
घोळ मूळ द्रावणातच आहे. मोलर म्हणजे एक लिटर तयार द्रावणात किती मोल पदार्थ, एक लिटर पाण्यात किती असं नाही. तेवढी साखर १०० मिली पाण्यात विरघळली की आकारमान साधारण १२१ मिली होतं. म्हणजे तुमचं '१ मोलर' प्रत्यक्षात ०.८२ च्या आसपास आणि '०.३' म्हणजे जेमतेम ०.२५. साखर ७० मिली पाण्यात विरघळवा, मग मेजपात्रात १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरा. घरची साखर चालते. बोअरचं किंवा टँकरचं पाणी नको, डिस्टिल्ड घ्या.

साल पानाच्या खालच्या बाजूची, तिरपं फाडून, एकाच थराची. वॉच ग्लासमध्ये ३-४ मिली द्रावणात १५ मिनिटं बुडवा. स्लाइडवरचा थेंबही त्याच द्रावणाचा हवा. तिथे पाण्याचा थेंब टाकणं ही हमखास होणारी चूक, त्यानेच काही पेशी परत फुगतात. दिव्याखाली स्लाइड फार वेळ ठेवली तर उलटं होतं: पाणी उडून द्रावण दाट होतं.

रंगहीन पेशी सोलताना फाटलेल्या. जांभळा रंग देणारं अँथोसायनिन रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) असतं. पटल फुटलं की ते निघून जातं. त्या मोजू नका, पर्णरंध्रांच्या रक्षक पेशीही नकोत. उरलेल्यांपैकी ५० मोजा. निम्म्या आकसलेल्या दिसतात ते द्रावण पेशीरसाच्या जवळपास बरोबरीचं. ते ०.३ मोलर निघालं तर २७ अंश सेल्सिअसला पेशीरसाचा परासरण दाब (पाणी ओढून घेण्याच्या क्षमतेचं माप) साधारण ७.५ बार. मिठाने केलंत तर निम्मं मोलर पुरतं, कारण पाण्यात त्याचे दोन आयन, म्हणजे दुप्पट कण होतात.

हडपसर_रोपवाटिका
रिओ पुण्यात सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत विचारा. उन्हात वाढलेलं, खालून गडद जांभळं पान घ्या.

विसरण
युरियात चुकलेलं काहीच नाही, उलट प्रयोगातला सर्वात बोलका भाग तोच. साखरेचा रेणू मोठा, पटलातून आत जायला त्याला फार वेळ लागतो, म्हणून आकसलेली पेशी तशीच राहते. युरियाचा रेणू लहान आणि विद्युतभार नसलेला. पाणी झटकन बाहेर जातं, पण युरिया मागून हळूहळू आत शिरतो, त्याच्यासोबत पाणी परत येतं आणि पेशी भरते. मात्र शेतीचा युरिया वापरू नका, त्यावर कडुनिंबाच्या तेलाचं आवरण असतं.

पेशी जिवंत होती का, हे साखरेच्या द्रावणात आकसलेल्या सालीवर तपासा: ती पाण्यात टाकल्यावर परत भरली पाहिजे.

वर्षा_कोथरूड
आभार! मुलं विचारतील: भित्तिका आणि आकसलेलं पटल यांच्यामधल्या जागेत काय असतं? पोकळी?

विसरण
पोकळी नाही, बाहेरचंच साखरेचं द्रावण. भित्तिका त्याला अडवत नाही, अडवतं ते पटल. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.