दाराच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे घरी जातील का?

प्रश्न: काळी गाडी, हँडलच्या खोबणीत नखांचे बारीक ओरखडे. शिवाय मागच्या बंपरवर एक पांढरी रेघ. टूथपेस्ट चालेल?

उत्तर १: टूथपेस्ट नको, काळ्यावर धुरकट डाग राहतो. आधी शाम्पूने धुवा. धूळ राहिली तर घासताना नवे ओरखडे पडतील. मग ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट), एक वीतभर जागा, मिनिटभर मध्यम दाबाने. पुसून बघा, मग पॉलिश, शेवटी वॅक्स. सावलीत, पत्रा थंड असतानाच. उन्हात कंपाउंड वाळून चिकटतं.

उत्तर २: बंपरची पांढरी रेघ बहुधा घासलेल्या दुसऱ्या गाडीचा रंग असेल. टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढायचं द्रावण) लावून बघा, निम्मं काम तिथेच होतं. खाली काळं प्लास्टिक दिसलं तर मात्र कंपाउंडचा उपयोग नाही, गाडीच्या रंगाचं टच-अप पेनच लागेल. कलर कोड बहुतेक दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो.

उत्तर ३: कडांवर जपून, तिथे रंगाचा थर पातळ असतो. आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर (बारीक सँडपेपर) नवख्याने हातात घेऊच नये. क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन, एकदा उडाला की पूर्ण पॅनल रंगवावा लागतो.

प्रश्नकर्ता: खोबणीत बोट नीट फिरत नाही, ड्रिलला पॅड लावू?

उत्तर १: नको, पॅडची कड घासेल. बोटाला कापड गुंडाळा.